मालकाचाही हप्ता, नोकराचाही हप्ता

२०२२ सालच्या स्पेनमध्ये शिवणकाम करून महिन्याला ८०० युरो मिळवणारी बाई आणि ५,००० युरो मिळवणारा वास्तुविशारद, दोघंही सामाजिक सुरक्षेपोटी दरमहा एकच रक्कम भरू शकत होते: सुमारे २९४ युरो. बाईच्या मिळकतीचा हा ३७ टक्के हिस्सा, वास्तुविशारदाचा जेमतेम ६ टक्के. तिच्याकडून आयकर म्हणून सरकारला जवळजवळ काहीच मिळत नसे, तरी महिनाअखेरीस तिच्या हातात ५०० युरोच्या आसपास उरत.

युरोपात स्वतंत्र व्यवसाय करू पाहणारा आपल्याकडचा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो आयकराचा. तिकडे कर किती टक्के? प्रश्न गैर नाही, पण अपुरा आहे. भारतात स्वयंरोजगार करणाऱ्यावर पीएफसारखी कुठलीही वर्गणी सक्तीची नाही, त्यामुळे कर म्हटलं की आयकर आणि जीएसटी एवढंच डोळ्यांपुढे येतं. युरोपातल्या बहुतेक छोट्या व्यावसायिकांना आयकर चावतो तो नंतर, त्याआधी सामाजिक सुरक्षेची वर्गणी चावते. तिचा दर किती यापेक्षा ती कशावर मोजतात आणि कधी मागतात, यावर त्यांचं वर्ष सुखाचं की हालाचं हे ठरतं. हिशेबनिसाचं बिलही त्याच मोजणीच्या रीतीतून जन्माला येतं.

वर्गणी जड का, हे नोकरदाराकडे पाहिलं की कळतं. २०२५ साली जर्मनीत पेन्शनची वर्गणी पगाराच्या १८.६ टक्के होती. त्यातले ९.३ टक्के नोकराच्या पगारातून कापले जात, ९.३ मालक भरत असे. आरोग्यविमा, वृद्धापकाळातल्या शुश्रूषेचा विमा, बेकारीविमा यांचीही अशीच वाटणी. मालकाचा अर्धा हिस्सा नोकराला पगारपत्रकात दिसतही नाही, म्हणून तो फुकटच मिळतो असं त्याला वाटत राहतं. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं की मालक नाहीसा होतो, त्याचा हप्ता मात्र राहतो. माणूस स्वतःच मालक, स्वतःच नोकर. खिसा तेवढा एकच.

हा तिढा जुना आहे. जर्मन चान्सलर बिस्मार्कने १८८३ साली आजारपणाचा विमा आणला, १८८९ साली वृद्धापकाळ आणि अपंगत्वाचा. दोन्ही कायदे मुख्यतः मजुरीवर राबणाऱ्या कामगारांसाठी होते. सुतार, दुकानदार, वकील यांच्याकडे दुकान, घर, गिऱ्हाईक अशी स्वतःची पुंजी असतेच, त्यांना सरकारी आधार कशाला, अशी तेव्हाची समजूत. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सने सगळ्यांना एका छत्राखाली आणायचं ठरवलं, तेव्हा व्यापारी आणि कारागीरच अडून बसले. आम्हाला कामगारांच्या पंगतीत बसवू नका, हा त्यांचा आग्रह. १९४८ साली त्यांच्यासाठी वेगळी पेन्शन मंडळं निघाली. ही वेगळी चूल पुढे सत्तर वर्षं पेटत राहिली आणि धूरही बराच झाला. २००६ साली अनेक मंडळं एकत्र करून केलेल्या नव्या यंत्रणेची वसुली २००८ नंतर इतकी कोलमडली, की कुणाला दोनदा बिलं जात होती तर कुणाला वर्षानुवर्षं एकही नाही. देशाच्या सर्वोच्च लेखापरीक्षकांनी २०१२ साली तिची जाहीर झाडाझडती घेतली. अखेर २०१८ साली ती मोडीत काढून स्वतंत्र व्यावसायिकांना सर्वसाधारण व्यवस्थेत सामावून घ्यायला सुरुवात झाली.

मोजणीच्या चार रीती आज युरोपभर दिसतात: ठरावीक रक्कम, उलाढालीवर टक्के, मानलेल्या नफ्यावर टक्के आणि खऱ्या नफ्यावर टक्के.

ठरावीक रकमेचं उदाहरण वर आलंच. आउतोनोमो, म्हणजे स्पेनमधला स्वतंत्र व्यावसायिक, आपल्या वर्गणीचा पाया स्वतःच निवडायचा आणि बहुतेक जण किमान पाया निवडायचे. गरिबाला ती रक्कम फार, श्रीमंताला थोडी. पण दुसरी बाजू अशी की पेन्शन आणि आजारपणातला भत्ता त्याच पायावर बेतलेला असल्याने, आयुष्यभर किमान भरणाऱ्याला म्हातारपणी मिळायचंही किमानच. जानेवारी २०२३ पासून स्पेनने खऱ्या निव्वळ मिळकतीनुसार पंधरा पायऱ्या केल्या. २०२५ साली महिन्याला ६७० युरोपर्यंत मिळकत असेल तर सुमारे २०० युरो आणि ६,००० च्या वर असेल तर सुमारे ५९०. नवशिक्याला पहिले बारा महिने फक्त ८० युरो, आणि मिळकत किमान वेतनाच्या खाली राहिली तर पुढचं वर्षभरही तेवढेच.

सुधारणा न्याय्य आहे, यात मला शंका नाही. तिने हिशेबनिसाचं काम मात्र वाढवलं. आता व्यावसायिकाने आधी अंदाज सांगायचा, त्यानुसार दरमहा भरायचं आणि पुढच्या वर्षी करखात्याच्या आकड्यांशी ताळा होऊन फरक द्यायचा किंवा घ्यायचा. त्याखेरीज २० एप्रिल, २० जुलै, २० ऑक्टोबर आणि ३० जानेवारी या तारखा आउतोनोमोच्या डोक्यात कोरलेल्या असतात. दर तिमाहीला आयव्हीए, म्हणजे तिथला २१ टक्क्यांचा मूल्यवर्धित कर भरायचा आणि आयकराचा आगाऊ हप्ताही. आपल्याकडे सेवा देणाऱ्याला सर्वसाधारणपणे २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही. युरोपातल्या बहुतेक देशांतही अशी सूट आहे. स्पेनमध्ये २०२५ सालीही ती नव्हती. पहिलं शंभर युरोचं बिल फाडलं की तिथे विवरणपत्र आलंच.

म्हणून हेस्तोर हा माणूस स्पॅनिश जीवनात घरच्या डॉक्टरइतकाच नेहमीचा. तो चार्टर्ड अकाउंटंट असेलच असं नाही. सरकारी कागद कसे हलवायचे हे त्याला ठाऊक असतं, आणि महिन्याला साधारण ५० ते १०० युरो घेऊन छोट्या व्यावसायिकाचे फॉर्म तो भरून देतो. महिना हजार युरो मिळवणाऱ्याला हा खर्च म्हणजे आणखी ५ ते १० टक्के करच. सरकारच्या कुठल्याही तक्त्यात तो दिसत नाही, एवढाच फरक. नव्या माणसाला ८० युरोची सवलत आणि ती टिकवायला हेस्तोरला ७० युरो: चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

फ्रान्सने दुसरं टोक गाठलं. २००८ च्या ऑगस्टमध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी २००९ पासून ओतो-आंत्रप्रनर हा प्रकार सुरू झाला, ज्याला आज मिक्रो-आंत्रप्रनर म्हणतात. यातली युक्ती साधी आहे. नफा मोजायचाच नाही. खात्यात जमा झालेल्या रकमेवर ठरावीक टक्के कापायचे. माल विकणाऱ्याला १२.३ टक्के, कारागिराच्या सेवेला २१.२ टक्के, सल्लागार किंवा भाषांतरकारासारख्या बौद्धिक कामाला २०२५ साली २४.६ टक्के. पात्र असाल तर आयकरही याच बिलात उरकता येतो, बौद्धिक कामासाठी २.२ टक्के जादा देऊन. महिनाभर काही मिळालं नाही तर शून्य लिहायचं आणि शून्य भरायचं. जमाखर्चाच्या नावाखाली मिळकतीची एक वही पुरते. ती स्वतः ठेवता येते, हिशेबनीस लागत नाही.

यातली मेख अशी, की खर्चाची कुणी दखल घेत नाही. ३०,००० युरोची उलाढाल असलेल्या भाषांतरकाराचा खर्च म्हणजे लॅपटॉप आणि इंटरनेट. त्याला ही पद्धत वरदान. तेवढीच उलाढाल असलेल्या छायाचित्रकाराने त्यातले १२,००० कॅमेरा, भिंगं आणि प्रवासावर घातले, तरी वर्गणी ३०,००० वरच. शिवाय सेवांसाठी ७७,७०० युरोंची (२०२५ ची) उलाढालीची मर्यादा. मूल्यवर्धित करातून सूट मिळण्याची मर्यादा सर्वांसाठी २५,००० युरोवर आणण्याची तरतूद २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली, तेव्हा छोट्या व्यावसायिकांनी इतका गदारोळ केला की सरकारला फेब्रुवारीतच ती स्थगित करावी लागली. कराच्या रकमेइतकाच राग कागदपत्रांचा होता, असं मला वाटतं.

या दोहोंमधला मार्ग इटलीचा. तिथली फोर्फेतारियो पद्धत आपल्याकडच्या सीए मंडळींना ओळखीची वाटेल. आयकर कायद्यातल्या, ४४एडीए या जुन्या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीत डॉक्टर-वकिलाचा निम्मा गल्ला नफा मानतात, तसा इटलीत व्यवसायानुसार गुणक ठरलेला आहे. बहुतेक बौद्धिक व्यवसायांना तो ७८ टक्के. म्हणजे ३०,००० युरोच्या उलाढालीवर नफा २३,४०० मानला जातो, प्रत्यक्ष खर्च काहीही असो. ज्या व्यवसायाला स्वतःचं वेगळं पेन्शन मंडळ नाही, त्याला या मानलेल्या नफ्यावर २६.०७ टक्के वर्गणी: सुमारे ६,१०० युरो. ती वजा जाता उरलेल्या १७,३०० वर एकच सरळ आयकर, १५ टक्के, म्हणजे सुमारे २,६००. व्यवसाय खरोखर नवा असेल तर पहिली पाच वर्षं हा दर ५ टक्के, म्हणजे साधारण ८६५ युरो. आता वर्गणी आणि कर शेजारी ठेवून पाहा. ५ टक्के कराची जाहिरात वाचून इटलीत जाणारा माणूस त्याच्या सातपट वर्गणी भरतो.

या पद्धतीची मर्यादा २०२३ पासून ८५,००० युरो. इटालियन नोकरशाही एवढ्यावर थांबली असती तर ती इटालियन कसली. मूल्यवर्धित कर नसलेल्या बिलाची रक्कम ७७.४७ युरोपेक्षा जास्त असेल तर त्यावर २ युरोचं मुद्रांकशुल्क लागतं. हा विचित्र आकडा आला कुठून? युरो येण्यापूर्वी मर्यादा दीड लाख लिरा होती, १,९३६.२७ लिरांचा एक युरो या दराने तिचे ७७.४७ झाले. लिरा जाऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, मर्यादा पैशासकट जागच्या जागी. दुसरीकडे, १ जानेवारी २०२४ पासून या छोट्या व्यावसायिकांनाही प्रत्येक बिल सरकारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतूनच पाठवावं लागतं. त्यामुळे हिशेब सोपा असूनही कोमेर्चालिस्ता, म्हणजे तिथला सीए, सुटत नाही.

पोर्तुगालमध्येही मानलेल्या मिळकतीचीच रीत: सेवांच्या मिळकतीपैकी ७० टक्के धरून त्यावर २१.४ टक्के वर्गणी, म्हणजे एकूण गल्ल्याच्या १५ टक्क्यांच्या आसपास. पहिले बारा महिने माफ.

खऱ्या नफ्यावर मोजण्याची रीत तात्त्विकदृष्ट्या सर्वांत न्यायाची, आणि तिचं घर म्हणजे जर्मनी. तिथे पहिला सवालच तुम्ही कोण हा असतो. डॉक्टर, वकील, अभियंता, पत्रकार, दुभाषी, कलावंत हे ‘फ्रायबेरुफ्लर’, मुक्त व्यावसायिक. दुकान, हॉटेल, ऑनलाइन विक्री हा ‘गेवेर्बे’, म्हणजे धंदा. धंद्यावर नगरपालिकेचा वेगळा व्यवसायकर बसतो (वैयक्तिक मालकीत नफ्याचे पहिले २४,५०० युरो सोडून), मुक्त व्यवसायावर बसत नाही. सॉफ्टवेअरवाला यातला कोण, यावर तिथल्या न्यायालयांनी बरीच पानं खर्ची घातली आहेत.

जर्मनीत बहुतेक मुक्त व्यावसायिकांना पेन्शनची सक्ती नाही. आरोग्यविमा मात्र सर्वांना सक्तीचा, आणि सरकारी योजनेत राहिलं तर त्याची संपूर्ण वर्गणी स्वतःची. शुश्रूषाविम्यासह ती नफ्याच्या २० टक्क्यांच्या आसपास जाते. नफा किती का कमी असेना, तो किमान अमुक आहे असं गृहीत धरलं जातं. २०१८ पर्यंत हे गृहीत उत्पन्न सर्वसाधारणपणे महिना २,२८३.७५ युरो होतं, म्हणजे हजार युरो मिळवणाऱ्या शिकवणीवाल्यालाही वर्गणी ४०० च्या आसपास. २०१९ साली ते निम्म्याहून खाली आणलं. २०२५ मध्ये ते १,२४८.३३ युरो होतं आणि किमान वर्गणी २५० च्या आसपास.

कलावंत आणि लेखकांसाठी जर्मनीने जे केलं ते युरोपात वेगळं उठून दिसतं. १९८३ पासून विल्हेल्म्सहाफेन या बंदराच्या गावी एक कलावंत सामाजिक निधी चालतो. चित्रकार, गायक, लेखक, पत्रकार यांनी आरोग्य, शुश्रूषा आणि पेन्शनची निम्मीच वर्गणी भरायची, जणू ते नोकरदारच आहेत. उरलेल्या अर्ध्यासाठी ‘मालक’ कुठून आणायचा? ३० टक्के वाटा कलाकृती विकत घेणाऱ्या प्रकाशनसंस्था, नाट्यगृहं, जाहिरातसंस्था यांच्यावरच्या उपकरातून येतो आणि २० टक्के केंद्र सरकार देतं. २०२३ ते २०२५ या काळात हा उपकर मानधनाच्या ५ टक्के होता. कलावंत निधीचा सभासद नसला तरी संस्थेला तो चुकत नाही. त्यामुळे सभासद नसलेला स्वस्तात मिळतो म्हणून त्याला काम, असा खेळ चालत नाही. आपल्याकडच्या मुक्त पत्रकारांच्या आणि नाट्यकर्मींच्या संघटनांनी या रचनेचा अभ्यास जरूर करावा.

जर्मनीत नवख्याला खरा झटका मात्र दुसऱ्या वर्षी बसतो. पहिल्या वर्षी करखात्याला अंदाज कमी सांगितलेला असतो, म्हणून आगाऊ कर काही भरावा लागत नाही. पैसे येतात, खर्च होतात. पुढच्या वर्षी विवरणपत्र गेलं की काही महिन्यांनी निवाडा येतो: गेल्या वर्षाचा सगळा कर एकरकमी भरा. त्याच पाकिटात चालू वर्षाचा आगाऊ करही, गेल्या वर्षाच्या नफ्याइतका नफा यंदाही होणार असं धरून. त्याचे नेहमीचे हप्ते १० मार्च, १० जून, १० सप्टेंबर आणि १० डिसेंबरचे. मग हाच निवाडा पाहून आरोग्यविमा मंडळही फरकाचं बिल पाठवतं. तीन देणी, एका ऋतूत. बेल्जियममध्ये तर वर्गणीची तात्पुरती रक्कम तीन वर्षांपूर्वीच्या मिळकतीवर ठरते आणि पक्का हिशेब मागाहून. चांगल्या वर्षानंतर वाईट वर्ष आलं, की वाईट वर्षाच्या पैशातून चांगल्या वर्षाची वर्गणी भरायची.

जर्मन करसल्लागार श्टॉयरबेराटर आपली फी मनाला येईल तशी लावत नाही; त्यासाठी सरकारी शुल्कनियम आहेत. कामाचं ‘मूल्य’ म्हणजे तुमची उलाढाल किंवा उत्पन्न, त्यासमोर तक्त्यातली रक्कम आणि तिचे इतके दशांश. त्यामुळे काम तेवढंच राहून मिळकत वाढली तरी फी वाढते. मुक्त व्यावसायिकाला ताळेबंद सक्तीचा नाही, जमा वजा खर्च एवढं विधान पुरतं आणि सरकारचं मोफत ऑनलाइन पोर्टलही आहे. भाषेची आणि धीराची तयारी असेल तर सल्लागारावाचून निभावता येतं. पहिल्या वर्षी मात्र सल्लागार घ्यावाच, असं माझं मत. दुसऱ्या वर्षीच्या झटक्याची सूचना तरी वेळेवर मिळते.

वर्गणी कमी म्हणजे सुख, असंही नाही, हे नेदरलँड्सने दाखवलं. तिथे वास्तव्य करणाऱ्या प्रत्येकाला मूलभूत पेन्शन आहे, पण स्वतंत्र व्यावसायिकाला अपंगत्वविम्याची सक्ती नाही. उलट वर्षात किमान १,२२५ तास व्यवसायाला दिले तर नफ्यातून खास वजावट मिळे. २०१९ पर्यंत ती ७,२८० युरो होती. माणूस नोकरीवर ठेवण्यापेक्षा बाहेरून घेणं कंपन्यांना स्वस्त पडू लागलं आणि अशा एकट्या व्यावसायिकांची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली. आता वजावट वर्षागणिक कापली जाते आहे: २०२५ ला २,४७०, तर २०२७ साठी ठरलेले ९०० युरो. नावापुरते स्वतंत्र आणि प्रत्यक्षात एकाच मालकाकडे राबणाऱ्यांच्या प्रकरणांत करखात्याची कारवाईही जानेवारी २०२५ पासून पुन्हा सुरू झाली आहे. खासगी अपंगत्वविमा महाग, म्हणून डच लोकांनी २००६ पासून ‘ब्रोडफॉन्ड्स’, म्हणजे भाकरनिधी, ही आपली सोय काढली. २० ते ५० ओळखीचे व्यावसायिक दरमहा आपापल्या खात्यात ठरावीक रक्कम टाकतात आणि कुणी आजारी पडलं की बाकीचे त्याला जास्तीत जास्त दोन वर्षं देणगी देतात. माणसं एकमेकांना ओळखतात, म्हणून खोटं आजारपण कमी. दोन वर्षांनंतर काय, या प्रश्नाला मात्र भाकरनिधीकडे उत्तर नाही.

हिशेबाचा खर्च जवळजवळ शून्यावर आणून दाखवला तो एस्टोनियाने. २०१९ पासून तिथे छोट्या कामांसाठी ‘उद्योजक खातं’ मिळतं. त्यात पैसे जमा झाले की बँकच ठरलेले टक्के कापून सरकारकडे पाठवते. विवरणपत्र नाही, वही नाही. खर्चाची वजावटही नाही.

पुण्याहून किंवा नाशिकहून या वाटेने जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. युरोपीय संघात एका वेळी एकाच देशाची सामाजिक सुरक्षा लागू होते. दोन-तीन देशांत मिळून काम करत असाल, तर राहत्या देशात कामाचा निदान चौथा हिस्सा आहे का हे पाहून देश ठरतो आणि ‘ए१’ नावाचा दाखला मिळतो. गिऱ्हाईक पुण्यातलं असलं आणि पैसे रुपयांत येत असले तरी लिस्बनमध्ये बसून काम केलंत तर सर्वसाधारणपणे वर्गणी पोर्तुगालची. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, पोर्तुगाल यांच्याशी भारताचे सामाजिक सुरक्षा करार आहेत, पण त्यांचा मुख्य लाभ कंपनीने इथून पाठवलेल्या नोकरदाराला होतो. दुसरं, जर्मनीत स्वतंत्र व्यवसायाचा परवाना मागणाऱ्याचं वय ४५ च्या वर असेल, तर म्हातारपणाची पुरेशी तरतूद दाखवावी लागते. चाळिशी उलटल्यावर निघणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

देश निवडताना आयकराच्या दराआधी एवढं विचारा: वर्गणी उलाढालीवर की नफ्यावर, एकही बिल फाडलं नाही त्या महिन्यात किती भरायचं, आजारी पडलो तर कितव्या दिवसापासून काय मिळेल, आणि पक्का हिशेब किती वर्षांनी होणार? हिशेबनिसाची फी याच उत्तरांच्या मागोमाग ठरते. आणि ज्या देशात पक्का हिशेब मागाहून होतो, तिथे पहिल्या बिलाचे पैसे येण्याआधी दुसरं बँक खातं उघडा. मिळकतीचा निदान एक तृतीयांश आणि गिऱ्हाइकाकडून घेतलेला सगळा मूल्यवर्धित कर त्यात टाका, आणि दुसऱ्या वर्षाचा निवाडा हातात पडेपर्यंत त्या खात्याला हात लावू नका.